आरसा धरा, वहिनी

नव्या टीव्हीवर उभी हिरवी रेघ उमटली, म्हणून काल मेकॅनिक आला. त्याने बॅगसुद्धा उघडली नाही. "पॅनल गेलं. हे दुरुस्त होत नाही, नवा घ्या," म्हणाला आणि निघाला. मला शिसारी आली. त्याची नाही, भिंतीला पालीसारख्या चिकटलेल्या त्या सपाट वस्तूची. जिला पोटच नाही, तिच्यात माणूस हात घालणार कुठे?

आमचा जुना टीव्ही चांगला ढेरपोट्या होता. बिघडला की दामूकाका मेकॅनिक मागचं झाकण काढून त्याच्या पाठीशी फतकल मारून बसायचे. तिथून त्यांना चित्र दिसायचं नाही, म्हणून आई समोर वेणीफणीचा आरसा धरून उभी राहायची.

"वहिनी, आरसा जरा वर. हां, दिसली बातम्यांची बाई. अजून वाकडीच आहे."

आईचा हात भरून यायचा, पण त्या बाईचं तोंड सरळ होईपर्यंत ती जागची हलायची नाही.

मेकॅनिक गेल्यावर मी टीव्ही बंद केला. काळ्या काचेत माझंच आंबट तोंड दिसलं. आता आरसा कुणाला धरावा लागत नाही. तो भिंतीवर टांगलेलाच आहे, फक्त त्यात बघून दुरुस्त करणारं कुणी नाही.