उरलंसुरलं

आमच्या दादाला ऑफिसात सगळे ‘उरलंसुरलं’ म्हणायचे. पाठीमागे नव्हे, चांगलं तोंडावर. त्याला राग यायचा नाही, यायचा तो मला. पण माझ्या नाकावर राग कायमच बसलेला, त्यामुळे त्याला कुणी भीक घालत नसे.

नाव पडलं ते कामावरून. आमची कंपनी मोठमोठ्या कारखान्यांना नि गोदामांना सॉफ्टवेअर बसवून द्यायची, युनिक्सच्या मशीनवर चालणारं. बसवायला तरुण मंडळी जायची. स्क्रीनवर ‘इन्स्टॉलेशन पूर्ण झालं’ असं आलं की ती टाळ्या पिटायची, गिऱ्हाइकाशी हात मिळवायची, फोटो काढायची आणि पसार व्हायची. खरं काम त्यानंतर असायचं, आणि ते दादाचं. कुठली फाइल कुणाच्या मालकीची, कुणी नुसती वाचायची, कुणी हातही लावायचा नाही, हे ठरवायचं. मशीनचा सर्वेसर्वा जो ‘रूट’, त्याच्या नावाने एक फाइल चालवायची राहिलेली असायची, ती चालवायची. सोबत आलेला पासवर्ड जगाला पाठ असतो, तो बदलायचा. वीज गेली आणि परत आली तर सगळं आपलं आपण सुरू होईल, तशी सूचना लिहून ठेवायची. यातलं एक राहिलं तरी त्या दिवशी कुणाला कळत नाही. तीन महिन्यांनी कळतं, आणि तेव्हा टाळ्या पिटणारा एकही जण फोन उचलत नाही.

या कामाला कंपनीचा नियम होता, माणसं दोन हवीत. एकाने यादी वाचायची, दुसऱ्याने करायचं. झालं की वाचणाऱ्याने खूण करायची. मी मुळात कंपनीची टायपिस्ट. टायपिंगचं काम संपलं तसं साहेबांनी मला दादाबरोबर जुंपलं. मला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं, पण वाचायला काय जातंय? बावीस वर्षं मी वाचत आलेय आणि दादा करत आलाय. मला ‘खूणबाई’ म्हणतात. म्हणोत बापडे.

यादीतलं शेवटचं काम दादाने स्वतः घातलेलं होतं. सगळं झालं की मशीन बंद करून पुन्हा चालू करायचं आणि कुणी कशालाही हात लावायचा नाही. दादा मोठ्याने सांगायचा, “हात मागे!” मग खोलीतले सगळे, गिऱ्हाइकाचा मोठा साहेब असला तरी तोही, शाळेतल्यासारखे हात मागे बांधून उभे. दादा म्हणायचा, “आपण गेल्यावर जे उठत नाही, ते आपण बसवलंच नाही.” दहा मिनिटं जायची, कधी पंधरा. मशीनवरचा एकेक प्रोग्राम आपला आपण उठायचा आणि दादाच्या चेहऱ्यावर असा काही आनंद यायचा की मला त्याच्या बाकीच्या सगळ्या चुका पोटात घालाव्या वाटायच्या.

चुका होत्याच. वहिनी गेली तेव्हा पोर सात वर्षांची होती. मी माझं बिऱ्हाड गुंडाळून दादाकडे राहायला आले. मोठी कामं दूरगावी असली की दादा एकटाच जायचा, तिकडचं कुणीतरी यादी वाचायचं. संध्याकाळी पोर फोन करायची, “बाबा, कधी येणार?” पलीकडून ठरलेलं उत्तर, “एवढं उरलंसुरलं आवरतो नि निघतोच.” पहिल्यांदा ती खिडकीत जाऊन उभी राहिली. हात मागे बांधून. कुठल्याशा सुट्टीत दादाने तिला कामावर नेलं होतं, तिथे शिकली होती. म्हणाली, “हात लावला नाही की आपोआप येतं ना आत्या?” मी काय सांगणार, कपाळ? पुढे पुढे ती खिडकीत जाईनाशी झाली. ताट झाकून ठेवायची आणि अभ्यासाला बसायची.

पाच वर्षांपूर्वी तिने लग्न ठरवलं. साधं, नोंदणी कार्यालयातलं. सकाळी अकराची वेळ, मुलीकडून साक्षीदार म्हणून बापाची सही. दादाने आठ दिवस आधी नवा सदरा इस्त्री करून टांगला होता, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. आदल्या दिवशी एका गिऱ्हाइकाकडे गेला, नव्या कोऱ्या मशीनवर. ते मशीन काही केल्या उठेना. रात्र गेली, सकाळ झाली, फोन केला तर म्हणे निघतोच. साडेबाराला कारकून म्हणाला, आता सही कोण करतंय सांगा, नाहीतर पुढची तारीख घ्या. मी केली. दादा तीनला पोचला तेव्हा कार्यालयाच्या पायऱ्यांवर मी, पोर नि जावई, तिघंच होतो. पोर रडली नाही, ओरडली नाही. एवढंच म्हणाली, “बाबा, यापुढे मला फोन करू नका.”

आणि या शहाण्याने केला नाही!

लिहून दिलेली सूचना पाळावी तशी पाळली. मी डोकं आपटलं, “अरे, रागाच्या भरात बोलली ती! तू कर.” तर म्हणे, “तिने नको म्हटलंय. तिचा येईपर्यंत आपण हात मागे.” मी म्हटलं, “ती काय सर्व्हर आहे?” त्यावर म्हणाला, “सर्व्हर असती तर कारण तरी वाचायला मिळालं असतं गं.”

वाट मात्र अशी बघायचा की बघवत नसे. फोनचा आवाज कायम सगळ्यात मोठा. अंघोळीला जाताना फोन प्लास्टिकच्या पिशवीत घालून साबणाशेजारी ठेवायचा. मी दाराबाहेरून विचारायचे, “कुणाच्या फोनची वाट बघतोयस?” आतून उत्तर, “गिऱ्हाइकाचा येईल.” रविवारी सकाळी सातला कुठल्या गिऱ्हाइकाला याची आठवण येते, देव जाणे. पोरीच्या खोलीतला दिवा गेला की त्याच दिवशी नवा आणायचा. कुणी झोपत नव्हतं तिथे.

आता माझं पाप सांगते. पोरीचा फोन यायचा. मला यायचा, ऑफिसात, मी जिन्यात जाऊन बोलायचे. तिने शप्पथ घातली होती, “आत्या, बाबांनी माझ्याबद्दल एक शब्द विचारला तर सगळं सांग. पण त्यांनी विचारायला हवं. आपणहून सांगितलंस तर माझी शप्पथ.” बापाचीच लेक, दुसरं काय! आणि सांगण्यासारखं थोडंथोडकं नव्हतं. तिला मुलगी झाली होती. जन्मली तेव्हा इतकी गोल होती की सगळे तिला बटाटा म्हणू लागले. बटाट्याला दात आला, बटाटा चालला, बटाट्याने भिंत रंगवली, सगळं माझ्या पोटात. चार वर्षं! बायकांच्या पोटात काही राहत नाही म्हणतात, त्यांनी माझं पोट येऊन बघावं. मी फोटो उघडा ठेवून फोन मुद्दाम त्याच्यासमोर टाकायचे. दादा न बघता उलटा करून ठेवायचा, “तुझा फोन तापलाय.” घाबरायचा तो. विचारलं आणि वाईट काही ऐकावं लागलं तर, ही भीती. आणि पुढच्या महिन्यात तो निवृत्त होणार होता. मग कामाचाही आडोसा नाही. दिवसभर घरात, समोर तो फोन. कसा जगला असता, मला कळत नव्हतं.

त्या रविवारी आम्ही औषधांच्या एका मोठ्या गोदामात होतो. सॉफ्टवेअर शुक्रवारी बसलं होतं. मशीन दोन, एकावर सगळ्या नोंदी, दुसऱ्यावर लोकांनी वापरायचा प्रोग्राम. मशीनच्या खोलीत हा गारठा, मी शाल गुंडाळून खुर्चीत आणि दादा चष्मा नाकावर ओढून कीबोर्डपाशी. मी वाचलं, त्याने केलं, मी खुणा केल्या. अकरापर्यंत यादी संपली. नेमका त्या दिवशी वीजवाल्यांना गोदामाचा मोठा स्विच बदलायचा होता, म्हणून एरवी एकामागून एक बंद करतो ती दोन्ही मशीनं एकदमच बंद केली. तासाभराने वीज आली. गोदामाच्या व्यवस्थापक बाई येऊन उभ्या राहिल्या.

“हात मागे,” दादा म्हणाला.

दहा मिनिटं गेली. पंधरा. वीस. बाई घड्याळ बघू लागल्या, मग काम आहे म्हणून निघून गेल्या. पंख्यांचा आवाज तेवढा येत होता. दोन्ही मशीनं जागी होती, पण वरचा प्रोग्राम काही उठेना. दादाचा चेहरा उतरला. बावीस वर्षांत असं मी पाहिलं नव्हतं. निदान माझ्यासमोर नाही.

अर्ध्या तासाने त्याने हात सोडले आणि लॉग उघडला. लॉग म्हणजे मशीनची रोजनिशी, काय घडलं ते ते त्यात लिहीत जातं. एकच ओळ, दर पाच सेकंदांनी, पानंच्या पानं: ‘समोरून उत्तर नाही. थांबतोय.’ ही ओळ दादाचीच. प्रोग्रामच्या मशीनसाठी त्याने कधीकाळी लिहिलेली, की नोंदीवालं मशीन बोलेपर्यंत थांब, घाई करू नकोस. त्याने दुसऱ्या मशीनचा लॉग उघडला. तिथेही तीच ओळ.

“अरे देवा,” तो म्हणाला. “सकाळी टाइप करायचा कंटाळा केला. ती फाइल इकडून उचलली आणि तिकडे ठेवली. थांबायची ओळ तशीच गेली.”

“म्हणजे काय झालं?”

“दोघंही थांबलीत. समोरचा बोलला की उठायचं, असं दोघांनाही मीच सांगून ठेवलंय.”

मला त्यातलं ओ की ठो कळत नाही म्हटलं ना? त्या दिवशी कळलं. आणि मला इतका राग आला, त्याचा, त्या पोरीचा, माझ्या शप्पथेचा, की मी त्या गारठलेल्या खोलीत ओरडलेच, “मग आधी बोलायचं कुणी?”

दादाने माझ्याकडे बघितलं. मग पुन्हा स्क्रीनकडे वळला.

“खालच्याने,” तो हळू म्हणाला. “ज्याच्यावर दुसरं उभं आहे, त्याने. त्याने थांबायचंच नसतं.”

नोंदींच्या मशीनवरची ती ओळ त्याने काढून टाकली. दोन्ही मशीनं पुन्हा बंद, पुन्हा चालू. हात मागे. सात मिनिटांत सगळं उठलं. व्यवस्थापक बाई खुश होऊन आल्या, बघून गेल्या. मी खूण केली आणि सहीसाठी यादी त्याच्यापुढे धरली. त्याने पेन घेतलं नाही.

“तिचा नंबर तोच आहे का गं?”

पाच वर्षं ज्या शब्दाची वाट बघितली तो असा आला, दोन मशीनांच्या मधे, पंख्यांच्या आवाजात. मला सगळं सांगायचं होतं. दात, भिंत, सगळं. तोंडातून एवढंच निघालं, “तोच आहे.”

मी नंबर शोधेपर्यंत तो दाराबाहेर गेला होता. खोक्यांच्या रांगेपाशी उभा राहून पाठ असलेले आकडे दाबत होता. आवाज सगळ्यात मोठा, त्यामुळे पलीकडची रिंग मलाही ऐकू येत होती. कुणीतरी उचलला.

“हॅलो, कोण?” बारीक आवाज.

दादा गोंधळला. “तू कोण?”

“मी बटाटा. आई अंघोळीला गेलीय.”

दादाने माझ्याकडे पाहिलं. माझ्या डोळ्यांतून धारा लागल्या होत्या, मी नुसती मान हलवली. हो. हो रे. त्याने फोन दोन्ही हातांनी धरला.

“मी तुझ्या आईचा बाबा,” तो म्हणाला.

“खोटं!” बटाटा म्हणाला. “आईचे बाबा कामाला गेलेत. ते उरलंसुरलं करतात. ते संपलं की येणार आहेत. आई म्हणाली.”

पोरीने हे मला कधी सांगितलं नव्हतं. फोनवर इतकं बोलायची, पण हे नाही.

दादा शेवटी म्हणाला, “संपलं गं बाळा. आत्ताच संपलं.”

“मग कधी येणार?”

इतक्या वर्षांचं ठरलेलं उत्तर त्याच्या जिभेवर तयार होतं, मला माहीत आहे. तोंड उघडलंही त्याने. मग मिटलं.

“निघालो,” दादा म्हणाला.

त्याचा चष्मा कीबोर्डवर राहिला होता, पिशवी खुर्चीवर, आणि यादीवर सही राहिली होती. मी धावत आत जाऊन सगळं गोळा करून आणलं, तोवर दादा गोदामाच्या फाटकाबाहेर पोचला होता.