सासूबाई आणि तीनशे पाचचा टायर

इथे कतारमध्ये, रास लफानच्या गॅस प्लांटवर मला आणि वरच्या मजल्यावरच्या शेजाऱ्याला कंपनीची बस नेते आणि आणते, त्यामुळे स्पोर्ट्स कारची खरं तर आम्हाला काडीची गरज नव्हती. तरी पन्नाशी जवळ आल्यावर मी देश सोडून निघालेल्या एका साहेबाची जुनी, दोन सीटची गाडी घेतली. ती बघून शेजाऱ्याने अगदी तशीच कुठूनतरी शोधून आणली. माझी करडी, त्याची पिवळीधमक. शेजारी कोल्हापूरचा, माझ्याच प्लांटवरचा, आणि प्रत्येक बाबतीत माझ्यापेक्षा जरा वरचढ असायची त्याला फार हौस.

दोघांचेही मागचे टायर इथल्या उन्हाने तडकले होते, म्हणून एका शनिवारी आम्ही बरोबरच टायरच्या दुकानात गेलो. मागच्या चाकाची रिम नऊ इंच रुंद. तिच्यावर दोनशे पंचावन्न मिलिमीटर रुंदीचा टायर नीट बसतो, गाडीच्या पुस्तिकेतही तेच दिलेलं. मी तेच घेतले. शेजाऱ्याची नजर मात्र भिंतीला टेकवलेल्या तीनशे पाचच्या जोडीवर खिळली.

"अरे, रिम तेवढीच राहणार," मी म्हणालो. "टायर कडेने फुगेल आणि गाडी दबली की मडगार्डला आतून घासेल."

"दबतीय कशाला? मी एकटाच तर असतो. मागून बघणाऱ्याला कळलं पाहिजे, काय गाडी आहे ती!"

दुकानदारानेही समजावून पाहिलं, मग खांदे उडवले आणि टायर चढवून दिले. मागून ती गाडी खरंच मांड्या फुगवून उभ्या असलेल्या पैलवानासारखी दिसायची. मला थोडा हेवाही वाटला.

मग कराडहून त्याच्या सासूबाई राहायला आल्या. अंगाने भरभक्कम, आवाज खणखणीत, हसायला लागल्या की जिना दणाणायचा. जावयाने त्यांना मोठ्या कौतुकाने गाडीतून फिरायला नेलं. गल्लीच्या तोंडाशी स्पीड ब्रेकर आला आणि मागून आवाज आला, खर्रर्र!

"पाव्हणं, काय घासतंय वो?"

टायर चुकले, एवढंच सांगायचं होतं. पण गडी म्हणाला, "काही नाही आई, गाडी नाजूक आहे. वजन पडलं की कुरकुरते."

हे आम्हाला कळलं ते त्या आमच्याकडे चहाला आल्या तेव्हा. माझ्या बायकोने साजूक तुपातला शिरा पुढे केला, तर त्यांनी हाताने बशी मागे सारली.

"नगं बाई. रात्रीचं जेवणबी सोडलंय. माझ्या वजनानं पाव्हण्यांची गाडी आरडती."

बायकोने माझ्याकडे पाहिलं. मी शिऱ्यात तोंड घातलं. पण तिच्या डोळ्यांत चमक आली होती, आणि ती मला चांगली ओळखीची आहे. ती म्हणाली, "मावशी, यांच्या गाडीतून एक चक्कर मारून या ना. गाडी तीच आहे, फक्त रंग वेगळा."

मी त्यांना त्याच स्पीड ब्रेकरवरून नेलं. आवाज नाही. त्यांनी मला वळायला लावलं आणि पुन्हा नेलं. चिडीचूप. तिसऱ्यांदा तर त्या सीटवर मुद्दाम दाबून बसल्या.

"मग त्यांचीच का वो आरडती?"

मी टायरचं सगळं सांगून टाकलं. सासूबाई इतक्या हसल्या की मला गाडी कडेला घ्यावी लागली. "पाव्हण्यांना काय बी बोलू नगा हां," त्यांनी बजावलं. घरी येऊन दोन बशा शिरा खाल्ला.

दुसऱ्या दिवसापासून जावई बसमधून उतरायचा, तेव्हा सासूबाई इरकल नेसून, पर्स घेऊन खालीच उभ्या. "पाव्हणं, जरा फिरवून आणा की." रस्ता त्याच सांगायच्या, शाळेवरून जाणारा, कारण स्पीड ब्रेकर तिथेच सगळ्यात जास्त. प्रत्येक ब्रेकरला खर्रर्र झालं की गालावर हात ठेवून मोठ्यांदा म्हणायच्या, "अगं बाई, माझं वजन!" फुटपाथवरचे लोक वळून बघायचे. सासूबाई त्यांना हात करायच्या. हा बिचारा गोगलगाईसारखी गाडी चालवायचा आणि मागचे हॉर्न खायचा. त्याची बायको आणि माझी बायको बाल्कनीत उभ्या राहून डोळे पुसायच्या.

आठवडा त्याने कसाबसा काढला. मग एका संध्याकाळी आमचं दार वाजलं. तो आत आलाच नाही, उंबऱ्यातूनच कुजबुजला, "तुझ्या टायरची रुंदी किती म्हणालास रे?"

मी तोंड उघडणार, तोच वरच्या जिन्यातून खणखणीत आवाज आला, "दोनशे पंचावन्न!"

त्याने डोळे मिटून घेतले. थोड्या वेळाने त्याचे खांदे हलायला लागले. मला वाटलं, रडतोय की काय. पण तो हसत होता.

शनिवारी दुकानात सासूबाईही गेल्या. खुर्ची मागवून घेतली आणि दोन्ही टायर चढेपर्यंत जागच्या हलल्या नाहीत. परतीच्या वाटेवर त्यांनी 'चला' म्हणायचा, इथे नवीनच शिकलेला अरबी शब्द वापरला. मी माझ्या गाडीतून मागेच होतो, काच खाली होती, त्यामुळे सिग्नलला स्पष्ट ऐकू आला.

"पाव्हणं, यल्ला!"

आणि पिवळी गाडी सुसाट निघाली.