पाय धुणारा माणूस

"हात लावू का?" असं विचारल्याशिवाय तो माणूस कोणत्याही रुग्णाला शिवत नसे. बेशुद्ध पडलेल्यालाही विचारायचा, क्षणभर थांबायचा आणि मगच कोमट पाण्यात फडकं पिळायचा.

महाडच्या एका दवाखान्यात मी केसपेपर लिहितो. निवृत्तीनंतर वसईकडून आलेला हा ख्रिस्ती गृहस्थ रोज सकाळी यायचा. ज्यांच्याजवळ कुणी नाही, अशा रुग्णांचे पाय धुवायचा, नखं कापायचा. तेही फुकट. तुम्ही तरी विश्वास ठेवला असता? माझं मत ठरलेलं होतं: एवढा वाकणारा माणूस काहीतरी उचलायलाच वाकतो. मी त्याच्या पिशवीवर लक्ष ठेवलं. कधीतरी पत्रकं निघतील, देवाचा विषय निघेल, म्हणून वाट बघितली. दोन महिने नुसती खोबरेलाची बाटली आणि नेलकटर निघालं.

मग पाचाडकडच्या एका आजींचा मुलगा मुंबईहून आला. पाहतो तर आईचे पाय या परक्याच्या मांडीवर आणि त्याच्या गळ्यात क्रूस. मुलाने लाथेने घमेलं उडवलं.

"धरम बदलायला आलाय काय? नाय पायजे तुमची सेवा!"

आता खरा रंग दिसेल, म्हणून मी दारातच थांबलो.

त्याने सांडलेलं पाणी पुसून घेतलं. "तुमचं बरोबर आहे. आई तुमची आहे," तो म्हणाला. "तुम्ही धुवा. मी पाणी आणून देतो."

मुलगा खाली बसला, पण त्याला जमेना. टाचेच्या जखमेला धक्का लागला की आजी कळवळायच्या. "घासू नका, फडकं नुसतं टेकवा," तो शेजारून हळूच सांगत राहिला. थोड्या वेळाने आजी म्हणाल्या, "बाळा, तुझा हात बरा हाय रे." मुलाला रडू फुटलं. मी वळून पाहिलं, तर हा बाहेर निघून गेलेला.

व्हरांड्यात गाठून मी विचारलंच, "तुम्हाला नक्की काय हवंय?"

"मलाही माझा तोच संशय येतो," तो म्हणाला. "प्रभूसाठी करतो म्हणतो खरा, पण कुणी चांगलं म्हटलं की फार गोड लागतं."

पुढे आम्ही दवाखान्यातल्यांनी त्याचा सत्कार ठरवला. निमंत्रण द्यायला मी त्याच्या भाड्याच्या खोलीवर गेलो. खोली रिकामी होती. घरमालकीण अंगण झाडत होती.

"गेले ते. सकाळीच रिक्षा करून वीर स्टेशनला, गाडी धराया."

"सत्काराचं कळलं होतं त्यांना?"

"व्हय. मी म्हटलं, शाल देतील, थांबा की. तर म्हणाले, मला ती फार आवडेल, म्हणूनच जातो."