फक्कीची वाकडी रेघ

गिरीजमध्ये बॅप्टिस्टला कुणी आर्किटेक्ट म्हणत नसे. तो शब्द गावाच्या तोंडात मावत नव्हता. 'इंजिनेर' म्हणत, आणि त्यातही कौतुकापेक्षा कुचेष्टा जास्त. केळीच्या वाडीतला पोरगा मुंबईला पाच वर्षं शिकतो काय, आणि परत येऊन आपल्याच माणसांना खिडकी कुठं हवी ते सांगतो काय! घर तर गवंडीही बांधतो. पण त्यानं आखलेल्या घरात एकदा नांदलेल्या बाईला दुसरं घर गोड लागत नसे, हेही तितकंच खरं.

त्याची पद्धतच न्यारी होती. कागदावरचा नकाशा आपल्या माणसांना कळत नाही, हे त्यानं पहिल्याच कामात ओळखलं. म्हणून तो रिकाम्या जागेवर चुन्याच्या पांढऱ्या फक्कीनं अख्खं घर खऱ्या मापाचं आखायचा. मग घरच्या बाईच्या कमरेवर भरलेली कळशी द्यायचा आणि म्हणायचा, "चला बघू, विहिरीवरून चुलीपाशी." बाई लाजत लाजत फक्कीच्या दारातून आत यायची. जिथं पाणी हिंदकळलं तिथली रेघ तो पायानं पुसायचा आणि भिंत सरकवायचा. घरचा कर्ता पुरुष बाजूला उभा, त्याला कुणी विचारत नसे.

१९४४ साली त्याची बायको उर्सुला लग्न होऊन यायची होती, तेव्हा तिलाही त्यानं अशीच चालवली होती. "स्वयंपाकघर तुझं, चूक माझी," तो म्हणाला होता. त्या घरात तिचं पाणी कधी सांडलं नाही.

दारूला तो शिवत नसे. त्याचा बाप दारूनंच गेला होता, तेवढी शिकवण त्याला पुरली. लग्नाच्या मांडवात पेले फिरू लागले की हा पाणी मागायचा आणि लोक हसायचे. हसू देत, तो म्हणायचा.

एकावन्नच्या पावसाळ्यानंतर तो बिघडू लागला. पहाटे डोकं धरून उठायचा, परसात जाऊन भडाभडा ओकायचा. उन्हं वर आली की बरा व्हायचा. स्वतः मापून बसवलेल्या चौकटीला त्याचा डावा खांदा धडकू लागला. चालताना पाय वाकडा पडायचा. गावाला अशा चालीचं एकच कारण माहीत होतं, आणि दुसरं कुणी शोधायला गेलं नाही.

हिवाळा सरता सरता शाळेची नवी इमारत ठरली. समितीचे प्रमुख त्याचेच चुलते, सॅन्टनकाका. आखणीच्या दिवशी अर्धा गाव जमला होता. बॅप्टिस्टनं फक्कीची पाटी घेतली आणि रेघ ओढायला सुरुवात केली. रेघ सरळ निघाली, मग वळली, मग पुन्हा वळली. तीन बाजू झाल्या. डावी बाजू उघडीच राहिली, आणि हा हात झटकून म्हणाला, "झालं."

"इंजिनेर, चौथी भिंत पुढल्या वर्षी काय?" कुणीतरी ओरडलं. हशा पिकला. बॅप्टिस्ट त्या रेघेकडं बघत राहिला. त्याला काहीच कमी दिसत नव्हतं.

"खाण तशी माती," सॅन्टनकाका म्हणाले, सगळ्यांना ऐकू जाईल असं.

संध्याकाळी काका घरी आले. फादरांपुढं दारू सोडल्याची शपथ घे, मग काम तुझंच, असं त्यांनी सांगितलं. बॅप्टिस्ट शांतपणे म्हणाला, "काका, जी धरलीच नाही ती सोडू कशी?"

खरं सांगायचं तर इथं एका माणसानं त्याच्या बाजूनं उभं राहायला हवं होतं, आणि ते माणूस उर्सुला होती. गेले कित्येक महिने तो घरी आला की ती पदरानं त्याचा घाम पुसायची. घाम हे निमित्त. ती वास घ्यायची. वास कधीच आला नाही. तिचं नाक तिला खरं सांगत होतं, पण तिनं कानांवर विश्वास ठेवला. ती म्हणाली, "अहो, घ्या ना शपथ. तुमचं काय जातं?"

त्यानं तिच्याकडं पाहिलं. रागावला असता तर बरं झालं असतं. "तूसुद्धा?" एवढंच म्हणाला आणि आत गेला. जाताना डावा खांदा चौकटीला लागला.

शाळेचं काम गेलं, मागोमाग बाकीची कामंही गेली. आठ महिन्यांनी तो केळीत झटके येऊन पडला, तेव्हा कुठं मुंबईचं इस्पितळ दिसलं. डॉक्टरांनी तिला विचारलं, "डाव्या बाजूचं यांना दिसायचं बंद कधी झालं?" तिला चौकटीला धडकणारा त्याचा डावा खांदा आठवला. मेंदूत कॅन्सरची गाठ होती. डोकं उघडलं, काढता आली तेवढी काढली. त्रेपन्नच्या मार्चमध्ये तो गेला. शेवटचे तीन आठवडे तो उजव्या भिंतीकडं तोंड करून होता, आणि ती मुद्दाम त्याच बाजूला बसायची.

मातीला शत्रुघ्न गवंडी आला होता. पहिल्या कामापासून बॅप्टिस्टच्या हाताखाली राबलेला माणूस. कोपऱ्यात तिला गाठून म्हणाला, "बाई, शाळंच्या आदी वरीसभर सायबांची रेघ चुकत व्हती. मी सकाळी लवकर जाऊन सरळ करायचो. कोनाला बोललो नाय. म्हनलं, घेत असतील थोडी, आपन झाकावी." तो रडू लागला. उर्सुलाला त्याचा रागही येईना. गावानं बदनामी केली, यानं अब्रू झाकली, आणि उपचाराचं वर्ष दोघांनी मिळून घालवलं. तिसरी ती स्वतः.

महिना झाल्यावर चर्चमध्ये त्याच्या नावाची मिस्सा झाली आणि माणसं रीतीप्रमाणं घरी आली. प्रार्थना झाली. आता मयताच्या नावानं दारूचा एकेक घोट घ्यायचा आणि उठायचं. सॅन्टनकाका डोळे पुसत म्हणत होते, "हिरा होता आमचा पोरगा. गावाला कळला नाही."

उर्सुला आत गेली. कळशीतून पेले भरले आणि तबक घेऊन बाहेर आली. पहिला पेला तिनं काकांपुढं धरला.

काकांनी तो उचलला, आत पाहिलं. पाणीच होतं. तरी पिण्याआधी त्यांनी पेला नाकाशी नेला.

"घ्या वास, काका," उर्सुला म्हणाली. "मीही रोज घेत होते."