सात फायली, एकच बफर

दिगंबर गेल्याचा फोन आला तेव्हा मी जेवत होतो, आणि खोटं कशाला बोलू, ताट संपवूनच उठलो. घशाचा कॅन्सर. आमच्या लेखी तो आधीच गेलेला होता.

गारखेड्यात, एका मेसच्या वरच्या खोलीत, आम्ही दोघांनी अकरा वर्षं वेबसाइटींचा कोड लिहिला. पाचोडचा हा गडी तोंडाचा लई फाटका. गिऱ्हाइकासमोर मला म्हणायचा, "डोकं गहाण ठेवून आला काय रे?" त्याचं पालुपद एकच... बफरमधले बाइट ठेवायचे असतील तर आधी कॉपी घे. बफर म्हणजे मेमरीतलं भांडं, बाइट म्हणजे त्यातला माल. पेल्यात चहा होता, त्यातच ताक ओतलं, तर चहा कुठून उरणार? एवढी साधी गोष्ट तो रोज सांगायचा, आणि मला त्याचा संताप यायचा.

ऑपरेशनमध्ये आवाज जाणार हे कळलं, तेव्हा त्याला मुलीसाठी, मृणालसाठी, सात निरोप रेकॉर्ड करायचे होते. पहिला तो गेल्यावर लगेच ऐकायचा, मग दहावीचा निकाल, पहिली नोकरी, लग्न... फोनवर कर म्हटलं तर म्हणे, "आपण काय कारकून हाय का? आपला रेकॉर्डर आपण लिहू." ब्राउझरमध्ये चालणारा रेकॉर्डर मी लिहिला. त्यानं विचारलं, "तपासू का?" मी म्हणालो, "मरायला टेकलास, आता तरी तपासणं सोड." तो हसला... आणि त्यानं खरंच सोडलं.

एका बैठकीत सहा निरोप झाले. सातव्याला खोकला आला. "पाणी... पाणी दे रे." एवढंच. सातवा उद्या करू म्हणून मी सेव्ह दाबलं. दुसऱ्या दिवशी तो ॲडमिट झाला.

तेराव्याला मृणालनं पहिली फाइल लावली. खोकला. पाणी दे रे. मी कॉपी घेतलीच नव्हती. सातही निरोपांना एकच बफर, प्रत्येक निरोप आधीच्यावर लिहिला गेला, आणि सेव्ह दाबल्यावर सगळ्या फायलींत शेवटचाच उतरला होता. वहिनी उठून आत गेल्या. पोरगी उलट मलाच समजावत होती, "काका, एक बिघडली असंल. बाकीच्या मी त्या त्या वेळीच उघडीन, बाबांनी तसं सांगितलंय." मी व्हय म्हणालो. नालायक माणूस, व्हय म्हणालो!

खोलीवर येऊन माझ्याकडच्या सातही फायली लावून पाहिल्या. सातांतही तोच खोकला. त्या सहा निरोपांत तो काय बोलला, तेही मला सांगता येत नाही. मी समोर बसून स्क्रीनवरची आवाजाची पट्टी हलते का तेवढंच बघत होतो.

मृणाल पेपरची ही पुरवणी वाचते. पोरी, तोंडावर सांगायची माझी हिंमत नाही, म्हणून इथं लिहितोय. लग्नाच्या दिवशी ती फाइल लावू नकोस. तिथंही तो पाणीच मागतोय.