हैद्राबादला जेवायला

आमच्या थोरल्या मामांइतका मनापासून रागावणारा माणूस सबंध हिंगोली जिल्ह्यात झाला नाही, आणि हिंगोली जिल्हा व्हायच्या आधी आम्ही परभणीत होतो तेव्हा परभणी जिल्ह्यातही नव्हता. खुद्द जिल्ह्यावरही मामांचा राग होता. वीस वर्षं परभणी लांब पडते म्हणून चिडले, आणि हिंगोली जिल्हा झाल्यावर परभणीच्या कचेरीतल्या सगळ्या ओळखी वाया गेल्या म्हणून चिडले. डोंगरकड्याच्या शिवारात त्यांची हळद होती, केळी होती. हळद शिजायला वेळ लागला की ते हळदीवर खेकसत, आणि वाऱ्यानं केळी आडवी झाली की वारा ज्या दिशेनं आला तिकडे तोंड करून बोलत. एकदा मारुतीच्या देवळाबाहेरून त्यांची चप्पल चोरीला गेली. मामा चोरावर संतापले, पण कशासाठी? "आंगठा तुटलेली जुनी चप्पल न्हेली लेकाच्यानं! बाजूला नवी जोडी पडली व्हती की! डोळे न्हाईत का त्याला?"

त्यांचा सगळ्यात जुना आणि पक्का राग बाहेरच्या खाण्यावर होता. कळमनुरीला कोर्टाच्या कामाला जाताना ते फडक्यात भाकरी बांधून नेत. वारंगा फाट्यावर गाडी थांबली की सगळे हॉटेलात शिरत, मामाही शिरत, बाकावर बसून फक्त पाणी पीत आणि भजी तळणाऱ्याच्या चुका काढत. "ज्याला खाणाऱ्याचं तोंड ठाऊक न्हाई, त्याच्या हातचं काहून खायाचं?" असं त्यांचं म्हणणं होतं. घरच्या जेवणाचं ते कौतुक करत असं मात्र नाही. ताट समोर आलं की भाकरी जाड आहे, कालवण पातळ आहे, असं काहीतरी निघायचंच. मामी ऐकून घेत आणि पुढची भाकरी थापत.

अशा माणसानं एका उन्हाळ्याच्या सुट्टीत जाहीर केलं, की आपण सगळे हैद्राबादला जाणार, त्या मोठ्या पाळण्यांच्या बागेत. मी तेव्हा नववीत होते. वसमतहून आई आणि आम्ही दोघी बहिणी सुट्टीला आलो होतो. त्या बागेचा हट्ट आम्ही आदल्या वर्षी केला होता, तेव्हा "पाळण्यात बसायला हैद्राबाद काहून पाह्यजे? जत्रंत पाळणा न्हाई का?" म्हणून मामांनी आम्हाला हाकलून दिलं होतं. आता स्वतःच निघाले होते, आणि वर त्यांची अट अशी, की घरून खायला काही घ्यायचं नाही.

"धपाटे न्हाई, भाकर न्हाई, चटणी बी न्हाई. त्या दिवशी चूल पेटनार न्हाई. जेवायचं तं तिथंच."

आम्ही एकमेकींकडे बघत राहिलो. दोन महिन्यांपूर्वी मामांना कावीळ होऊन गेली होती, तिचा परिणाम असावा असं माझी बहीण म्हणाली.

मग योजना सुरू झाली. पाळणे किती आहेत, किती वाजता उघडतं, यातलं मामांना काहीही नको होतं. जेवायला कुठे बसायचं, एवढंच हवं होतं. ते रोज वारंगा फाट्यावर जात आणि हैद्राबादच्या गाड्यांच्या ड्रायव्हरांना गाठत. एकानं सांगितलं आत पाच हॉटेलं आहेत, दुसरा म्हणाला एकच आहे, तिसऱ्यानं बाग बंद झाली असं सांगितलं. मामा तिघांशीही भांडून आले. शेवटी वर्तमानपत्रातल्या जाहिरातीवरचा नंबर घेऊन ते फाट्यावरच्या फोनच्या दुकानात शिरले. मी सोबत होते.

"अंदर खाने का इंतजाम है क्या? ... मल्टी? मल्टी क्या? भात है की नै, वो बोलो! ... बैठके खाने का, की खडे खडे? ... आच्छा. और परोसता कौन?"

पलीकडच्यानं काय सांगितलं कोण जाणे. मामांचा चेहरा लाल झाला.

"खुद लेना? खुदच लेने का तो इत्ती दूर काय कू आना?" त्यांनी फोन आपटला. दुकानदार फोनकडे बघत राहिला, मामा दुकानदाराकडे. मला इतकी लाज वाटली, की मी रस्त्यावर जाऊन उभी राहिले.

तरीही एका पहाटे जीप निघाली, आणि साडेदहाला आम्ही बागेच्या दारात उभे होतो. पिशव्या तपासत होते. मामींच्या पिशवीत लुगड्याखालून धपाट्यांचं गाठोडं निघालं.

"बाहर का खाना अलाउड नहीं," पहारेकरी म्हणाला.

मामा त्याच्यावर भडकतील असं वाटलं. ते मामींवर भडकले. रांगेत शंभर माणसं होती. "तुला सांगितलं व्हतं का न्हाई? एक दिस! एक दिस तरी हात थांबव म्हनलं व्हतं!"

मामींना मी कधी उलट बोलताना ऐकलं नव्हतं. त्या म्हणाल्या, "लेकरं उपाशी ऱ्हातील म्हून आनले. तुमच्या रागानं पोट भरत न्हाई कोनाचं."

माझंही डोकं फिरलं. घरात काय ओरडायचं ते ओरडा, पण इथे? मी म्हणाले, "मामा, चारचौघात मामीला बोलता, लाज वाटत न्हाई का तुमाला?"

मामांनी माझ्याकडे पाहिलं. तेवढ्यात पहारेकऱ्यानं गाठोडं उचलून शेजारच्या कचऱ्याच्या डब्याकडे नेलं. मामा असे गरजले, की पुढची रांग मागे वळली. "हात नै लगाना! आधी रात से उठके बनाई वो!" गाठोडं हिसकावून घेऊन ते जीपपर्यंत चालत गेले, ड्रायव्हरच्या मांडीवर ठेवून आले आणि त्यालाही दम भरला, की एक तुकडा वाया घालवायचा नाही.

आत गेल्यावर पाळण्यांकडे त्यांनी मान वर करूनही पाहिलं नाही. अकरा वाजता, कुणालाही भूक नसताना, त्यांनी आम्हाला एका हॉटेलातून दुसऱ्यात हिंडवलं. पहिल्यात बसायला जागा नव्हती, दुसऱ्यात त्यांनी स्वयंपाकघर दाखवा म्हटल्यावर बाहेर काढलं. तिसऱ्यात खुर्च्या होत्या. तिथे त्यांनी मामींना खिडकीशी बसवलं आणि स्वतः रांगेत उभे राहिले.

ताट घेऊन आले तेव्हा निम्मी डाळ सदऱ्यावर होती. ताट मामींपुढे ठेवून ते बाजूला उभे राहिले. पंगतीत वाढपी उभा राहतो तसे, हातात भाताची वाटी धरून.

"बसा की तुमी," मामी खाली मान घालून म्हणाल्या.

"न्हाई. तू खाय आधी."

"लोक बघून ऱ्हायले."

"बघू दे!"

मी वैतागून आईला म्हणाले, "काय लावलंय हे मामांनी?" आईचे डोळे भरले होते. तिनं मला हळूच सांगितलं. काविळीत मामा तीन आठवडे स्वयंपाकघरालगतच्या खोलीत पडून होते. तीस वर्षांत पहिल्यांदा त्यांनी बघितलं, की मामी जेवायला बसतात कधी. अडीचला, तीनला, कधी टोपलीत उरलेली अर्धी भाकरी, कधी नुसतं कालवण. आई भेटायला गेली तेव्हा ते भिंतीकडे तोंड करून म्हणाले होते, "बाई, लगीन झाल्यापासून तिला कोनी वाढलंच न्हाई. मी बी न्हाई."

मी दारात जे बोलले होते ते मला आठवलं.

मामींनी दोन घास खाल्ले. मामांनी विचारलं, "कसं हाय?"

मामींनी बराच वेळ विचार केला. मग जन्मात पहिल्यांदा दुसऱ्याच्या स्वयंपाकाला नावं ठेवली. "डाळ आळनी हाय."

मामा वाटी घेऊन तडक भांडायला गेले. मामी पदर तोंडाला लावून इतक्या हसल्या, की त्यांना ठसका लागला.

दुपारी आम्ही पाळण्यांत बसलो. मामी बागेतल्या छोट्या आगगाडीत बसल्या. माफी मागायचं माझ्या मनात होतं, पण परतीच्या वाटेवर मामा जीपच्या हॉर्नवर रागावलेले होते, आणि ते राहून गेलं.

घरी आल्यावर त्यांनी आठ दिवस वाढायचा प्रयत्न केला. दोन वाट्या फुटल्यावर मामींनी त्यांना स्वयंपाकघराबाहेर घालवलं. पण तेव्हापासून बारा वाजले की मामा ताटावर बसून ओरडत, "आजून बसली न्हाईस का?" आणि मामींचं ताट समोर आल्याशिवाय घास घेत नसत. गल्लीतल्या लोकांना वाटे, रोजचं भांडण चाललंय.

मामी गेल्या त्याला आता पाच वर्षं झाली. मागच्या महिन्यात डोंगरकड्याला गेले होते. मामा थकलेत, आवाज मात्र तोच आहे. त्यांची सून मला म्हणाली, "ताई, रोज बाराला माझ्यावर ओरडतात, जेवली का म्हून. कामं सोडून कसं जेवावं? लई राग येतो मला." मी तिला हैद्राबादची गोष्ट सांगितली. हाताचं पीठ धुऊन तिनं आपलं ताट वाढून घेतलं आणि मामांच्या समोर येऊन बसली.

मामांनी तिच्याकडे पाहिलं नाही. भाकरीची टोपली तिच्याकडे सरकवली आणि म्हणाले, "मंग? बघत काय बसली? खाय."