लाल किड्याचं पोर

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही — बायकोलासुद्धा नाही. सांगताना मध्येच माझा आवाज चढला, तर चकित होऊ नका. ज्या दिवसाची मला लाज वाटते, त्याच दिवसाइतका आनंद मला पुन्हा कधी झाला नाही. आता याला काय करावं?

लढाईचे दिवस होते. राहुरीकडे कालव्याकाठी अण्णांची मोसंबीची बाग होती आणि मी तिथे देखरेखीला. शेतकीच्या शाळेत दोन वर्षं काढलेली, त्यामुळे डोक्यात हवा! त्या साली कोवळ्या फुटीवर मावा पडला — रस शोषणारी बारीक कीड — पानं चिकट होऊन वळायला लागली. त्या माव्यात काळे, काटेरी, नारिंगी ठिपक्यांचे किडे फिरत होते — दिसायला अगदी राक्षस. हेच झाडं खातात, असं मी ठरवून टाकलं. कुणाला विचारलं? छे! रॉकेलची मारामार असताना अण्णांकडून ते मागून घेतलं, बायकांना झाडांची एकेक ओळ वाटून दिली, रॉकेल-पाण्याचे डबे दिले आणि किडे वेचायला लावले. जिचा डबा भरलेला, ती बाई कामाची.

अमिनाबीचा डबा रोज रिकामा. नवरा गेलेला, घर तिच्या एकटीच्या कामावर चाललेलं — हे मला ठाऊक होतं बरं का.

“हे लाल किड्याचं पोर हाय, सायब. मावा खातंय. म्या न्हाई मारायची,” ती म्हणाली आणि एक किडा माझ्या तळहातावर ठेवला. “बाटलीत ठिवा, मावा घाला. आठ दिस बगा.”

बाटलीत मी ठेवला. पण अण्णांना सांगितलं, बाई कामचुकार आहे. दुसऱ्या दिवसापासून तिचं काम बंद.

आणि ती बाटली! काय सांगू तुम्हाला — तो राक्षस दिवसभर मावा फस्त करायचा. मग एका जागी चिकटून गप्प बसला. मेला, वाटलं. आठव्या सकाळी पाठ फाटली आणि आतून फिकट पिवळा, ओलसर किडा बाहेर आला. ठिपका एक नाही! मी श्वास रोखून बघत होतो. हळूहळू लाली चढली, काळे ठिपके उमटले. अहो, मी नाचलो! तसाच अनवाणी अमिनाबीच्या ओळीत पळालो; ती गेल्यापासून तिथे कुणी वेचलं नव्हतं. मावा साफ, फूट हिरवीगार. बाकीच्या ओळी काळवंडलेल्या. किडा काडेपेटीत घालून मी अण्णांकडे धावलो.

तिथे अमिनाबी उभी होती. तिनेही दिवस मोजले होते.

“निगाला का वो लाल?”

अण्णा माझ्याकडे पाहू लागले. हो म्हटलं असतं, तर डबेच्या डबे भरून बागेचे मित्रच मारणारा मी ठरलो असतो — नाही का?

“मेला तो,” मी म्हणालो.

तिने माझ्यावर विश्वास ठेवला. अण्णांना हात जोडून म्हणाली, “चुकलं माजं.” आणि गेली. काडेपेटी माझ्या खिशात होती.

चार दिवसांनी तोच किडा मी अण्णांना दाखवला — दुसऱ्या बाटलीत निघाला, माझा शोध, असं सांगून. वेचणी थांबली, बाग सावरली, माझं कौतुक झालं. मला ते गोड लागलं, हेही सांगून टाकतो.

पुढच्या हंगामात पलीकडच्या बागेत अमिनाबी दिसली. इतर बायकांबरोबर वाकून ती काळे किडे एकेक करून वेचत होती, मारत होती. मी बांधावरून पाहिलं आणि सायकल पुढे काढली.